घरच्या भिंतींची सफेदी

दिवाळी असो वा नाताळ, सण जवळ आला म्हणजे घराला रंग देण्याची लगबग सुरू होते. बाजारांतून रंग येतो, कुंचला भिजतो आणि दोन दिवसांत खोली झळकूं लागते. पुढल्या पावसाळ्यांत त्याच भिंतीचे पोपडे निघाले म्हणजे मात्र दोष रंगाला दिला जातो. आमच्या मतें दोष बहुधा रंगाचा नसून आधीं नीट न केलेल्या भिंतीचा असतो. म्हणून भिंत कशी तयार करावी, हेंच या लेखांत मुख्यत्वेंकरून सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम ओलीचा शोध घ्यावा. वीतभर लांबरुंद प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारी कडांनीं चिकटपट्टीनें घट्ट लावून एक दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या भिंतीकडील बाजूस दंव जमलें, तर ओल भिंतींतून येत आहे असें समजावें. बाहेरील बाजूस जमलें, तर ती खोलींतील हवेची होय. पहिल्या प्रसंगीं गळका नळ, फुटकें कौल किंवा गच्चीची भेग आधीं दुरुस्त करावी. दुसऱ्या प्रसंगीं खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती ठेवावी. ओल तशीच ठेवून रंग देणें म्हणजे पैसा पाण्यांत घालणें होय.

नंतर सुटलेले पोपडे पत्रीनें खरवडावे, भेगा व खिळ्यांचीं भोकें बुजवावीं, तीं वाळल्यावर काचकागदानें घासावीं आणि भिंत ओल्या फडक्यानें पुसावी. सुट्या चुन्यावर नवा रंग टिकत नाहीं आणि तेलरंगावर चुना धरत नाहीं, हें ध्यानांत असूं द्यावें.

येथें पालकांस एक आग्रहाची सूचना करणें आम्हांस अवश्य वाटतें. जुन्या तेलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिसें दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. त्यापूर्वींच्या रंगाविषयीं सावध असावें. असा रंग कोरडा घासल्यास धूळ उडते, आणि तिच्यांतील शिसें पोटांत गेल्यानें लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो. म्हणून तो पाणी शिंपडून ओलाच खरवडावा, धूळ गाळणारी मुखपट्टी बांधावी, मुलांस व गरोदर स्त्रियांस दूर ठेवावें, आणि खोली झाडण्याऐवजीं ओल्या फडक्यानें पुसावी.

आतां चुन्याचा गुण पाहूं. चुनखडी भट्टींत सुमारें ९०० अंश सेंटिग्रेड उष्णतेनें भाजली म्हणजे तिच्यांतून कर्बद्विप्राणिद वायु, म्हणजे आपण श्वासाबरोबर बाहेर टाकतों तोच वायु, निघून जातो व कळीचा चुना उरतो. ही कळी पाण्यांत टाकतांच मोठी उष्णता उत्पन्न होऊन चुना विरतो. विरलेला चुना भिंतीवर चढला म्हणजे हवेंतील तोच वायु पुन्हा शोषून घेतो आणि हळूंहळूं चुनखडी बनतो. सारांश, सफेदी हा भिंतीवर धरलेला दगडाचाच पातळ थर आहे.

यावरून पुढील नियम आपोआप सुचतात. थर पातळ असावा, म्हणजे हवा आंतपर्यंत पोहोंचते. भिंत आधीं ओलसर करावी, नाहीं तर ती चुन्यांतील पाणी ओढून घेते व चुना हाताला लागतो. ओला चुना फिका दिसतो व वाळल्यावर पांढरा होतो; तेव्हां घाईनें जाड थर देऊं नये. दुधासारखा पातळ, कपड्यानें गाळलेला चुना दोन-तीन वेळां द्यावा. एकदां उभा, एकदां आडवा. छत आधीं व भिंती मागून कराव्या.

चुना विरविण्याचें काम मोठ्या माणसांनींच धातूच्या भांड्यांत करावें. कळी थोडीथोडी पाण्यांत टाकावी. कळीवर पाणी ओतूं नये. डोळ्यांस चष्मा व हातांस मोजे असावे. डोळ्यांत चुना गेल्यास ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्यानें बराच वेळ डोळे धुवून वैद्याकडे जावें.

विद्यार्थिमित्रहो, चुन्याचें काम वडील मंडळींकडे सोंपवा. परंतु ओलीची परीक्षा, सामान हलविणें आणि भिंत पुसणें हीं कामें तुम्हांस सहज करतां येतील. या कामांकडे पाहुण्यांचें लक्ष जाणार नाहीं. तथापि पावसाळा उलटून गेल्यावर भिंत जशीच्या तशी राहिली, तर तिचें श्रेय कोणाचें हें तुम्हांस ठाऊक असेल.