आइसब्रेकरचा ताफा उभारायचा तर

आधी फेऱ्या मांडा, जहाज मागाहून. अंटार्क्टिकात आपले दोन तळ: मैत्री आणि भारती. दोन्हींमध्ये सुमारे तीन हजार किलोमीटर अंतर, आणि जहाजाला जाता येतं ते तिथल्या उन्हाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. तेवढ्यात दोन्हीकडे डिझेल, शिधा, सुटे भाग आणि नवी तुकडी पोचवायची. जुनी तुकडी आणि कचरा परत आणायचा. आर्क्टिकमधल्या हिमाद्री तळापर्यंत विमानानं जाता येतं, त्यासाठी वेगळं जहाज धरू नका. एक पुरेल की दोन लागतील, ते या कागदावरच कळतं.

मग ताकद ठरवा. पोलर क्लास १ ते ७, त्यात १ सर्वांत दणकट. आइसब्रेकर बर्फ कापत नाही. तिरकी नाळ बर्फावर चढवतो आणि स्वतःच्या वजनानं तो मोडतो. अशा जहाजाला जाड पत्रा हवा, कडाक्याच्या थंडीतही ठिसूळ न होणारं पोलाद हवं. क्लासचा आकडा जितका खाली, तितकी किंमत वर. हौसेनं १ लिहू नका.

आता पैसा. हजार कोटींवरचा प्रस्ताव व्यय वित्त समितीतून मंत्रिमंडळापुढे जातो. ऑक्टोबर २०१४ मध्ये १,०५१ कोटींच्या ध्रुवीय संशोधन जहाजाला मंजुरी मिळाली होती. ते जहाज काही बांधलं गेलं नाही. म्हणून निविदेच्या अटी, हप्ते आणि भाववाढीचं कलम मंजुरीआधीच पक्कं करून घ्या.

खरी मेख पुढेच आहे. ऑस्ट्रेलियाच्या ‘नुयिना’ या आइसब्रेकरच्या बांधणीचा करार सुमारे ५३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा; तीस वर्षं चालवणं आणि देखभाल धरली की आकडा १९० कोटी डॉलरवर. नाशिककरांना हे सिंहस्थामुळे ठाऊक आहे: घाट बांधायला निधी येतो, पर्वणी उलटल्यावर झाडू कुणाच्या खर्चानं फिरायचा, यावर बैठका होतात. चालवण्याच्या खर्चाचं लेखाशीर्ष पहिल्याच प्रस्तावात घाला. ते मिळत नसेल, तर दुसऱ्या जहाजाचं नावही काढू नका.

बंदरही तपासा. होबार्टच्या टास्मान पुलाखालून जायला ‘नुयिना’ला परवानगी मिळाली नाही; इंधन भरायला तिला बर्नीला पाठवावं लागलं.

भाड्याच्या जहाजांचे करार मात्र इतक्यात तोडू नका. ६ डिसेंबर १९८१ ला आपली पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याहून निघाली ती नॉर्वेहून भाड्यानं आणलेल्या ‘पोलर सर्कल’वर, आणि वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र नंतरही भाड्याच्या जहाजांवरच मोहिमा पाठवत आलं. नवं जहाज बर्फात चाचणी देईपर्यंत हीच सोय चालू ठेवावी.

जून २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीनं ध्रुवीय संशोधन जहाज देशात बांधण्यासाठी नॉर्वेच्या कोंग्सबर्गशी सामंजस्य करार केला. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखानदारांनी व्हॉल्व्ह, पॅनेल, केबल ट्रे घेऊन गोदीच्या पुरवठादार यादीत नाव लावायचं ते आराखडे पक्के होण्याआधी. सागरी वर्गीकरण संस्थेचं प्रमाणपत्र लागेल. त्या अर्जापासून सुरुवात करा.