कानात बसणारे इयरफोन : माप आणि आवाजाची पारख

चपलेच्या दुकानात गिऱ्हाईक आले की दुकानदार आधी पायाचे माप विचारतो. सात नंबर घट्ट झाला तर आठ काढतो, दोन पावले चालून पाहायला सांगतो आणि मगच पैशाची गोष्ट होते. लातूरच्या गंजगोलाईत हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. हैदराबाद संस्थानच्या काळात नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या या गोलाईची मुख्य इमारत १९१७ सालची. तिला सोळा रस्ते येऊन मिळतात. सोने, कापड, पादत्राणे, मिरची, गूळ असे एकेक जिन्नस या रस्त्यांवर विकले गेले आणि प्रत्येक धंद्याने आपापली पारख ठरवली. मोबाइलचे सामान विकणारा आपला तरुण दुकानदार मात्र इयरफोनचा डबा काउंटरवर ठेवतो, “बेस चांगला आहे” असे म्हणतो आणि पैसे घेतो. कान हाही पायासारखाच माणसागणिक वेगळा असतो, याचा विचार तेथे होत नाही.

याचा परिणाम दुकानदारालाच भोगावा लागतो. समजा, १९० रुपयांना घेतलेला नग आपण २५० रुपयांना विकला. साठ रुपये सुटले. दोन दिवसांनी गिऱ्हाईक “आवाज येत नाही” म्हणून तो परत घेऊन आले, आपण पैसे परत केले आणि डबा फोडलेला असल्यामुळे घाऊक व्यापाऱ्याने तो नग घेतला नाही, तर १९० रुपये गेले. आणखी तीन नग विकले तरी १८०च सुटतात. पैसे परत केले नाहीत तर गिऱ्हाईक जाते, आणि पुढच्या वेळी तो घरबसल्या ऑनलाइन मागवतो. परत आलेल्या अशा मालापैकी बराचसा माल मुळात बिघडलेला नसतो, असे आमचे निरीक्षण आहे. तो कानात नीट बसलेला नसतो, एवढेच.

बिघाड नव्हे, गळती

बाजारात दोन जातींचे इयरफोन मिळतात. एक, कानाच्या तोंडाशी नुसता अडकणारा, कडक प्लास्टिकचा. दुसरा, ज्याच्या नळीवर मऊ रबर असते आणि जो कानाच्या आत शिरतो. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते. ती सरळ नसून किंचित वाकडी असते, आणि एकाच माणसाचे दोन्ही कान सारखे असतीलच असे नाही. म्हणूनच दुसऱ्या जातीच्या डब्यात लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापांची रबरे देतात. मध्यम माप कारखान्यातूनच चढवलेले येते. उरलेल्या दोन जोड्यांची पुडी बहुतेक घरांत डब्याबरोबर केरात जाते.

रबराचे काम केवळ इयरफोन पडू न देणे हे नाही. आतील पडदा काही मिलिमीटरचाच असतो. खर्जाचा आवाज, ज्याला आपले गिऱ्हाईक बेस म्हणते, उत्पन्न करण्यासाठी त्याला कानाच्या बंद पोकळीतील हवा दाबावी लागते. फट राहिली की दाब निघून जातो. सायकलच्या पंपाचे वायसर झिजले म्हणजे दांडा कितीही हलवला तरी चाकात हवा भरत नाही, तसाच हा प्रकार आहे. खर्ज गळून जातो, वरचा किरकिरा आवाज तेवढा उरतो आणि गिऱ्हाईक म्हणते, “माल हलका दिला.”

तेव्हा विक्रीच्या वेळी दोन मिनिटे द्यावीत. गिऱ्हाइकाला सांगावे की, एका हाताने कानाची पाळी वर व मागे ओढा, दुसऱ्या हाताने इयरफोन आत घाला, थोडा फिरवा आणि पाळी सोडा. त्यानंतर खर्ज असलेले गाणे लावून इयरफोन बोटाने हलकेच आत दाबायला सांगावे. दाबताच बेस एकदम वाढला तर रबर लहान पडत आहे. काहीच फरक पडला नाही तर बैठक बरोबर आहे. पाच मिनिटांत कान दुखू लागला तर माप मोठे आहे. मोठे रबर जास्त घट्ट बसेल हा समज खरा नाही. फार मोठे रबर कानात दुमडते आणि त्या घडीतूनच गळती होते. उजव्या कानाला मध्यम व डाव्याला लहान असे लागले तर तसेच द्यावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

नीट बसल्यावर स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा येतो. हा दोष नव्हे, बंद कानाचा गुण आहे. काही इयरफोन घालताना आत पातळ कागद चुरगळल्यासारखा कडकड आवाज येतो. हवेच्या दाबाने पडदा लवतो, त्याचा तो आवाज. गिऱ्हाईक घाबरते, म्हणून आधीच सांगून ठेवलेले बरे.

फोमचीही रबरे मिळतात. बोटांनी दाबून बारीक करायची, कानात घालायची आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायची. बाहेरचा गोंगाट ती चांगला अडवतात, आवाजाची धार जरा मऊ करतात. परंतु लवकर मळतात आणि काही महिन्यांत बदलावी लागतात. बिनतारी इयरबडला रबर देताना मात्र सावध राहावे. त्यांची नळी आखूड, पुष्कळदा लंबगोल असते. साधे उंच रबर चढवले की डबीचे झाकण लागत नाही किंवा चार्जिंगच्या पिना टेकत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी “चार्ज होत नाही” ही तक्रार हजर.

आवाजाची तुलना

दोन इयरफोनांत कोणता चांगला, हे विचारणारे गिऱ्हाईक दुकानदाराची परीक्षा पाहते. येथे सर्वांत मोठी फसगत आवाजाच्या पातळीची होते. मनुष्याच्या कानाला जो आवाज जरा मोठा तोच अधिक चांगला वाटतो. हळू आवाजात खर्ज आणि तीव्र स्वर कानाला कमी ऐकू येतात, हे अमेरिकेतील फ्लेचर व मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मांडले आहे. फोनवर दोन्हींना सारखेच आकडे ठेवले तरी एक नग मोठ्याने वाजतो, दुसरा हळू, कारण प्रत्येकाची संवेदनक्षमता वेगळी असते. म्हणून तुलना करताना आकडा सारखा ठेवू नये, कानाला सारखा वाटेल इतका आवाज ठेवावा. फोन तोच, गाणे तेच, त्यातील वीस-तीस सेकंदांचा तुकडाही तोच, आणि फोनमधील आवाज रंगवण्याची सोय बंद. दोन्ही नगांत त्या गिऱ्हाइकाच्या मापाचे रबर आधी चढवलेले असावे. नाहीतर तुलना इयरफोनांची न होता रबरांची होते.

दुसरी गोष्ट जागेची. नांदेडच्या वजिराबादेत किंवा इतवाऱ्यात दुकानासमोरून ऑटोरिक्षा आणि टेम्पो सारखे जातात. रस्त्याची ही घरघर खर्जाचीच असते आणि ती इयरफोनचा खर्ज झाकून टाकते. त्यामुळे दुकानात उभे राहून गिऱ्हाईक हमखास जास्त बेसचा नग निवडते. रात्री घरी शांततेत तोच नग लावला की सगळे ढमढम आणि शब्द चिखलात रुतलेले. दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात, पंखा बंद करून ऐकवावे.

काय ऐकवावे? गिऱ्हाईक जे ऐकणार तेच. गाण्यासाठी घेणाऱ्याला कव्वाली हा उत्तम नमुना आहे. ढोलकाच्या थापेत खर्ज, हार्मोनियम व गळ्यात मधला स्वर, टाळीत धार. टाळी कानाला बोचली तर धार जास्त; थाप आणि गळा एकमेकांत मिसळले तर खर्ज जास्त. किरअत ऐकणाऱ्याला मात्र बेसचे कारणच नाही. त्याला कारीचा उच्चार स्वच्छ हवा; सीन आणि साद, हा आणि हे यांतील फरक कळायला हवा. ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे वाजत असतील तर तो नग त्याला देऊ नये, मग किंमत कितीही असो. जुन्या तारेच्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे, तरी बोलणारा कोण हे आपण ओळखत होतो. मनुष्याच्या बोलण्याचा बहुतेक भार या मधल्या पट्ट्यावर असतो.

डब्यावरील आकड्यांना फार भुलू नये. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे जवळजवळ प्रत्येक डब्यावर छापलेले असते. त्या पट्ट्यात आवाज किती वरखाली होतो हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. पडदा १३ मिलिमीटरचा आहे म्हणून १० मिलिमीटरपेक्षा चांगला, असेही नाही. गोंगाट कमी करणारे महागडे नग बसच्या इंजिनाची, पंख्याची एकसुरी घरघर चांगली मारतात. शेजारच्याचे बोलणे तितके नाही. आणि रबर सैल असेल तर तेही काम अर्धे राहते.

लातूरच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न

लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत परगावचे विद्यार्थी शिकवणी वर्गांसाठी हजारोंनी येऊन राहतात. वसतिगृहाच्या एका खोलीत तिघे-चौघे, आणि प्रत्येक जण फोनवर धडे ऐकतो. हे गिऱ्हाईक गाण्याचे नव्हे, बोलण्याचे आहे, आणि दिवसात चार-पाच तास इयरफोन त्याच्या कानात असतो.

आमच्या परिचयाच्या एका दुकानदाराकडून एका विद्यार्थिनीने असाच इयरफोन नेला. धडा नीट ऐकू येईना म्हणून ती आवाज वाढवीत गेली आणि काही महिने पूर्ण आवाजावर ऐकत राहिली. कानात शिटी वाजते म्हणून वडील तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि परत येताना इयरफोन दुकानात टाकून गेले. दुकानदाराने तो तपासला. नग ठीक होता. रबर मात्र तिच्या कानाला दोन मापे मोठे होते, पुरते बसतच नव्हते. खोलीतला सारा गोंगाट आत येत होता आणि त्यावर मात करण्यासाठी ती आवाज चढवीत होती. त्या दुकानदाराने हे आम्हाला सांगितले तेव्हा त्याला पैशाचे दुःख नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. मुलांसाठी ७५ डेसिबल. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे अवघे चार तास उरतात. चार तास रोजचे नव्हेत, आठवड्याचे. नीट बसलेले रबर बाहेरचा गोंगाट अडवते, त्यामुळे कमी आवाजातही शब्द कळतो. १९९१ साली अमेरिकेतील एटिमोटिक कंपनीने ईआर-४ हा कानात खोल बसणारा इयरफोन बाजारात आणला, तीही मुळात श्रवणशास्त्राचे काम करणारी कंपनी होती. विद्यार्थ्याला नग देताना त्याच्या मापाचे रबर बसवून, फोनचा आवाज निम्म्यावर ठेवून एक धडा ऐकवावा. निम्म्यावर शब्द कळत नसेल तर रबर किंवा नग बदलावा. रस्त्याने चालताना एक कान मोकळा ठेवायलाही सांगावे. कान वाहत असलेल्याला कानात शिरणारा नग विकूच नये. ऐकवण्यासाठी ठेवलेली रबरे प्रत्येक गिऱ्हाइकानंतर स्पिरिटने पुसावीत; हे न करणारी दुकाने आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

माल आणताना हैदराबादचे जगदीश मार्केट असो की मुंबईचे मनीष मार्केट, पक्के बिल घ्यावे. बिनतारी इयरफोन भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येतात. डब्यावरील ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. नामांकित कंपनीच्या छापाचा नकली माल विकणे हा ट्रेडमार्क कायदा १९९९च्या कलम १०४ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. “सगळेच विकतात” हे उत्तर तेथे चालत नाही.

कारागिरांसाठी

एक बाजू हळू वाजते म्हणून येणारे इयरफोन फेकून देण्याआधी जाळी पाहावी. कानाच्या मळाने ती बुजलेली असते. तोंड खाली धरून कोरड्या ब्रशने झाडली की पुष्कळ नग पुन्हा बोलू लागतात. पिन आत खुपसू नये, पडदा फाटतो. कवचावरील बारीक भोकही बुजवू नये. ते हवेसाठी मुद्दाम ठेवलेले असते, आणि ते बंद झाले की खर्ज बदलतो.

तारेचा नग बहुतेक वेळा पिनेजवळ तुटतो. आतल्या केसासारख्या तारांवर रंगीत लाख असते. सहसा लाल उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्याची, तांब्याच्या रंगाची सामाईक. लाख तापल्या कावियेने जाळून कथील चढल्याशिवाय जोड धरत नाही. नवशिके येथेच फसतात. हल्लीच्या फोनच्या पिनेवर टोकाला डावा, मग उजवा, मग सामाईक आणि शेवटी माइक असा क्रम असतो. गिऱ्हाईक म्हणाले की साज ऐकू येतो पण गाणाऱ्याचा गळा गायब आहे, तर समजावे की सामाईक तार सुटली आहे. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज तेव्हा कटून जातो. आणि जोडकाम केल्यावर गळा डोक्याच्या मधोमध न येता दोन्हीकडे पसरल्यासारखा वाटला तर एका बाजूच्या दोन तारा उलट लागल्या आहेत. त्या सोडवून अदलाबदल कराव्यात आणि गिऱ्हाइकाला देण्यापूर्वी एकदा स्वतःच्या कानाला लावून पाहावे.