घडीच्या चाकूचं टोक तुटल्यास

प्रश्न : घडीच्या आवडत्या चाकूचं टोक तुटलं आहे. तो दुरुस्त होईल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : टोकाचा २-३ मिलिमीटरचा तुकडा उडाला म्हणून पातं बाद होत नाही. मात्र नवं टोक पाठीकडून घासून काढावं लागतं. धारेकडून घासलं, तर टोक पाठीकडे सरकतं आणि चाकू मिटल्यावर मुठीबाहेर डोकावतं; खिशात हे धोक्याचंच. आधी पाठीवरचा उतार मार्करने आखावा, मग पातं कुरुंदाच्या दगडावर पाणी लावत घासावं. वेळ जातो, पण हाच मार्ग खात्रीचा.

इतवारीतल्या किंवा दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे चाकू द्यायचा, तर कोरड्या चाकावर जोर लावू नये, असं आधीच सांगावं. ठिणग्या दिसायला छान, पण पातळ टोक क्षणात तापतं. साध्या कार्बन पोलादावर निळी झाक आली, की तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलेलं असतं. पोलादाचं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही. बोटाला चटका बसण्याआधीच पातं पाण्यात बुडवावं.

नवं टोक थोडं जाड राहतं. दोन्ही बाजूंनी हलकेच पातळ करून शेवटी धार लावावी. डब्यांची झाकणं उचकटायला मात्र पेचकसच वापरावा.