उसाच्या फडावर निघताना कंबरेचे कानमंत्र

पोरांनो, दसरा झाला, मुकादमाकडून उचल घेतली, आता बीडच्या पालीतून बिऱ्हाड गाडीत टाकून सांगली-कोल्हापूरकडं निघाल. कोयत्याला धार लावली असेलच. कंबरेचंही थोडं ऐकून जा.

१. दुखरी कंबर वाकण्यावरून ओळखा. धडधाकट माणूस वाकतो तेव्हा आधी कंबरेचे पाच मणके वाकतात, मग तो खुब्यातून झुकतो. पार खाली गेला की पाठीचे स्नायू सैल पडतात. दुखणाऱ्याचे बहुतेकदा पडत नाहीत. म्हणून तो सावकाश वाकतो, पाठ फळीसारखी धरतो, उठताना मांडीवर हात टेकतो. त्याला कामचुकार म्हणू नका. त्याचं अंग स्वतःची राखण करतंय.

२. राखण चार दिवस ठीक. पुढंही पाठ आवळूनच ठेवली, तर ते स्नायूच थकून दुखायला लागतात. अंथरूण धरू नका. चालत राहा, सोसेल तेवढं रोज थोडं जास्त वाका.

३. एकाची कंबर वाकताना अडते, दुसऱ्याची उठताना. शेजारच्या खोपीतला व्यायाम डोळे झाकून उचलू नका.

४. उठल्या उठल्या उसाच्या बुडख्याला वाकू नका. रात्रभर आडवं पडल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात. तेव्हा वाकलं की ताण जास्त येतो. आधी चूल, पाणी, थोडं चालणं, मग कोयता.

५. ऊस बुडातूनच तोडायचा, म्हणजे वाकणं चुकत नाही. एक पाय पुढं, गुडघे ढिले ठेवा. मधूनमधून सरळ उभं राहून कंबर मागं न्या.

६. मोळी बेताची बांधा, दुसऱ्यानं हात लावल्याशिवाय डोक्यावर घेऊ नका. वळताना कंबर पिळू नका, पावलं फिरवा.

७. सूनबाई, कंबरदुखीवर कुणी ‘गर्भपिशवी काढा’ म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय कागदावर अंगठा देऊ नकोस. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या अशा ऑपरेशनांबद्दल २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती.

८. पायातलं बळ गेलं, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा आवरेना झाली, तर मुकादमाच्या परवानगीची वाट न पाहता त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. उचल मागाहून फिटते.