पाळीव प्राणी आणि पन्नास रुपयांचा दंड



"कुत्रा माझा आहे, मी त्याला कसाही ठेवीन!" हे वाक्य आपण गल्लीत, सोसायटीत कधी ना कधी ऐकलेलं असतं. ऐकून आपण गप्प बसतो, कारण आपल्यालाही तो त्यांचा घरगुती मामला वाटतो. कायद्याला मात्र तसं वाटत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० हा या विषयाचा मुख्य कायदा. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकातून त्याची सुरुवात झाली. त्याचं कलम ३ म्हणतं की प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याचं कल्याण पाहणं हे त्याचं कर्तव्य आहे.

नागरिकशास्त्रात 'प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी' हे मूलभूत कर्तव्य आपण शिकवतो. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्याच तासाला कलम ११ सोप्या शब्दांत सांगून पाहा. मारहाण तर त्यात आहेच. पण मालकाने पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, फार आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणं, हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं, उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं, हेही गुन्हेच आहेत. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हासुद्धा गुन्हा आहे! मुलांना हे ऐकून नवल वाटतं, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही.

मग शिक्षा किती? पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली ५० रुपयांना काही वजन होतं, आज तेवढ्यात धड एक वडापाव आणि चहा होतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ च्या जल्लिकट्टू निकालात शिक्षा वाढवण्याची गरज बोलून दाखवली होती.

दुसरी अडचण पोलीस ठाण्यात येते. कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. त्यामुळे बऱ्याचदा नोंद होते आणि कागद तिथेच राहतो. पण कुणी शेजाऱ्याच्या मांजराला विष घातलं, कुत्र्याला ठार मारलं किंवा जायबंदी केलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू शकतं. तो गुन्हा दखलपात्र असून शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. तक्रारीत हे कलम नावानिशी लिहावं.

तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या. तारीख, वेळ, जागा, फोटो आणि पशुवैद्यकाचा दाखला मिळाला तर तोही जोडा. आणि उशीर करू नका. १९६० च्या कायद्याखाली घटनेपासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो. 'बघू नंतर' म्हणता म्हणता ती मुदत निघून जाते. जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीलाही एक प्रत द्यावी. दंडाधिकारी प्राण्याला उपचारासाठी पाठवू शकतात आणि त्याचा खर्च मालकाकडून वसूल होऊ शकतो. माझ्या मते ५० रुपयांपेक्षा मालकाला हीच भीती जास्त.

प्रत्येक वेळी पोलिसांतच जावं असं मात्र नाही. मालक आजारी असेल, बाहेरगावी असेल किंवा अज्ञानाने चुकत असेल, तर आधी बोलून पाहावं. मारहाण दिसली तर मात्र थांबू नये. मुलांनी मालकाशी वाद घालायचा नाही, व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाही. पाहिलेलं वहीत तारखेसह लिहून घरच्यांना किंवा बाईंना सांगायचं, एवढं बजावून ठेवा.

आणि हो, वर्गात विचाराल तर एखादा हात वर येईलच, "आमच्याकडे मिठू आहे!" आपला हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याला घरात पाळायला मनाई आहे. त्या मुलाला सगळ्यांसमोर टोकू नका. पालकसभेत त्याच्या आईवडिलांशी वेगळं बोला, आणि पोपट उगीच उडवून न देता वनविभागाकडे द्यायला सांगा. पिंजऱ्यात वाढलेल्या पाखराला बाहेर स्वतःचं अन्न शोधता येत नाही.