बेटावरचा राखीव दिवस

बेटाच्या सहलीची आखणी आणि एखाद्या थंड हवेच्या ठिकाणाच्या सहलीची आखणी यांत मूलभूत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात घाट बंद पडला तर वळसा घालून जाणारा रस्ता बहुधा सापडतो, पण छोट्या बेटावर पोहोचण्याचा आणि तेथून निघण्याचा नेहमीचा मार्ग समुद्र हाच असल्यामुळे तो बंद झाला की पर्यायच उरत नाही. महाराष्ट्रातून अंदमानला जाणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी आहे, त्यामागे सेल्युलर जेलविषयीची ओढही आहे. तथापि या कुटुंबांचा आराखडा बहुतेक वेळा शाळेच्या सुट्ट्या आणि विमानाचे भाडे यांवरून ठरतो, वाऱ्यावरून आणि लाटांवरून नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाचा आराखडाही तसाच ठरला होता, आणि पुढील विवेचन त्या चुकीची किंमत मोजून झाल्यानंतरचे आहे.

प्रथम नावांचा घोळ समजून घेणे आवश्यक आहे. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉक बेटाचे नाव स्वराज द्वीप, नील बेटाचे शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे करण्यात आले, तर सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द पोर्ट ब्लेअरचे श्री विजय पुरम झाले. परंतु धक्क्यावरचा हमाल, रिक्षावाला आणि हॉटेलवाला यांच्या तोंडी जुनीच नावे असल्याने तिकिटावर एक नाव आणि कानावर दुसरे, अशी प्रवाशाची अवस्था होते. पुढे सोयीसाठी जुनीच नावे वापरली आहेत.

ऋतूंच्या बाबतीत अंदमानला पावसाचा मार दोनदा बसतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तेथे मे महिन्यातच, म्हणजे कोकणाच्या आधी, दाखल होतो आणि ऑक्टोबरपासून वर्षअखेरीपर्यंत ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, तसेच बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ असतो. त्यामुळे मराठी कुटुंबाला मोकळ्या सापडणाऱ्या दोन मोठ्या सुट्ट्या, उन्हाळ्याची आणि दिवाळीची, नेमक्या या दोन काळांना भिडतात. समुद्र शांत आणि पाणी नितळ असण्याची शक्यता जानेवारीअखेरीपासून एप्रिलच्या प्रारंभापर्यंत सर्वाधिक असते. तेव्हा शाळेची परीक्षा असते हे खरे, पण समुद्राला परीक्षेचे वेळापत्रक कोणी कळवलेले नसते.

वर उल्लेखिलेल्या कुटुंबाने डिसेंबरचा पहिला आठवडा निवडला आणि एका सहल-कंपनीने पाच रात्रींचा जो कार्यक्रम हाती ठेवला, त्यात शेवटची रात्र हॅवलॉकवर होती: सकाळची बोट, सुमारे दोन तासांत पोर्ट ब्लेअर, मग वाटेत तासाभरात सेल्युलर जेल आणि दुपारचे चेन्नईचे विमान. कागदावर यात काहीच वावगे दिसत नव्हते. प्रत्यक्षात आदल्या संध्याकाळी वारा वाढला, बंदरावर धोक्याचा बावटा चढला (बावटा म्हणजे हवामान खात्याच्या इशाऱ्यावरून बंदरात लावली जाणारी क्रमांकित खूण, क्रमांक जितका मोठा तितका धोका अधिक) आणि सकाळी साडेसहाला भिजलेल्या सामानासह धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसांना खिडकीवर चिकटवलेली हाताने लिहिलेली एक चिठ्ठी तेवढी वाचायला मिळाली. बोटी दोन दिवस बंद राहिल्या. बोटीचे पैसे परत मिळाले, कारण फेरी बोटवाल्यांनीच रद्द केली होती. विमानाचे मात्र मिळाले नाहीत, कारण विमान वेळेवर उडाले होते आणि प्रवासी आले नाहीत हा विमान कंपनीच्या लेखी प्रवाशांचा दोष होता. शिवाय चेन्नई ते मुंबई हे तिकीट वेगळे काढलेले असल्याने तेही बुडाले. हा प्रसंग अपवादात्मक मानता येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवामानामुळे हॅवलॉक आणि नील येथे हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले होते आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाला जहाजे पाठवावी लागली होती.

यावरून निघणारा नियम साधा आहे: छोटी बेटे आधी उरकावीत, विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढावी आणि शक्य असल्यास त्याआधी एक संपूर्ण दिवस मोकळा ठेवावा. सहल-कंपन्या असा दिवस सहसा सुचवत नाहीत, कारण ज्या दिवसात ‘दाखवण्यासारखे’ काही नाही तो ग्राहकाला वाया गेल्यासारखा वाटतो. पुढच्या विमानाचे तिकीट शक्यतो पहिल्याच तिकिटाला जोडून घ्यावे, आणि प्रवासविमा काढायचा असेल तर बोट रद्द झाल्यामुळे हुकलेल्या विमानाची भरपाई त्यात बसते की नाही हे पैसे भरण्याआधीच वाचावे. रोख रक्कम जवळ असावी, कारण २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली इंटरनेटची केबल पोहोचल्यावर परिस्थिती सुधारली असली तरी छोट्या बेटांवर वादळी हवेत एटीएम आणि कार्डाच्या यंत्रांवर विसंबता येत नाही.

बोट लागण्याचा त्रास ज्यांना होतो त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी बोटीत चढण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकतच नाही. जलद बोटी बंदिस्त आणि वातानुकूलित असतात, उघड्यावर उभे राहून वारा घेण्याची सोय बहुधा नसते, म्हणून खालच्या मजल्यावरची, मधल्या रांगेतली, मागच्या बाजूची जागा मागून घेणे हिताचे.

वेळेचे गणितही इथे बदलते. पोर्ट ब्लेअर मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस रेखांशांच्या अंतरावर आहे, तरीही घड्याळ दोन्हीकडे एकच, भारतीय प्रमाणवेळेचे. परिणामी डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाला मावळतो, तर अंदमानात तो पाचच्या सुमारासच बुडतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त पाहायचा तर दुपारचे जेवण, वामकुक्षी आणि चहा या क्रमाचा त्याग करून साडेतीनलाच निघावे लागते.

भरती-ओहोटीकडे तर फारच थोड्यांचे लक्ष जाते. नील बेटावरचा खडकाचा नैसर्गिक पूल आणि त्याच्या पायथ्याशी साचलेल्या डबक्यांतले समुद्रजीव केवळ ओहोटीलाच नीट पाहता येतात, भरतीच्या वेळी तेथपर्यंतची वाट पाण्याखाली असते; आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे मागच्या आठवड्यात जाऊन आलेल्या शेजाऱ्यांची वेळ या आठवड्यात उपयोगी पडत नाही. कोकणातली वडीलधारी माणसे तिथीला पाऊणपट करून भरतीचा तास काढतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या जोरदार भरतीला उधाण, तर अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला भांग म्हणतात. उधाण आणि भांग अंदमानातही चंद्रावरच चालतात, पण पाऊणपटीचे गणित कोकण किनाऱ्याचे आहे, ते तेथे जसेच्या तसे लावता येत नाही. म्हणून त्या बंदराचे भरतीचे कोष्टक पाहून मगच नीलचा दिवस ठरवावा.

बाराटांग बेटावरच्या चुनखडी गुहांकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या संरक्षित प्रदेशातून जातो, वाहने ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडली जातात आणि वाटेत थांबण्यास व छायाचित्रे घेण्यास बंदी आहे. पहाटेचा ताफा चुकला तर दिवसाचे गणित बिघडते. प्रवाळाचे तुकडे सामानात घालू नयेत, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. खाऱ्या पाण्यातल्या मगरींविषयीची पाटी जिथे असेल तिथे पाण्यात उतरू नये.

हॅवलॉकवर अडकलेल्या त्या कुटुंबाला तिसऱ्या दिवशी बोट मिळाली, परंतु विमानाची जागा त्यानंतरच्या दिवसाची मिळाल्याने पोर्ट ब्लेअरमध्ये एक आख्खा दिवस आपोआप हाती आला. मूळ कार्यक्रमातल्या तासाभरात सेल्युलर जेलचे फार तर अंगण पाहून झाले असते. कुटुंबातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना मात्र या दिवशी सावरकरांच्या कोठडीपर्यंतचे जिने दर टप्प्यावर बसत बसत चढता आले. साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद अशा त्या कोठड्यांची दारे पुढच्या इमारतीच्या पाठीकडे उघडतात, जेणेकरून एका कैद्याला दुसऱ्याचे तोंडही दिसू नये. दारापाशी उभे राहून आजोबांनी ती पाठ मोजल्यासारखी बराच वेळ न्याहाळली, आणि पुढचा गट येऊन मागे थांबल्यावरच ते बाजूला झाले.