साखरेचा पाक आणि नाताळची बोलिन्हा



रसायनशास्त्राच्या तासाला आपण द्रावण, संपृक्त द्रावण आणि स्फटिक या शब्दांच्या व्याख्या पाठ करतो, परीक्षेत त्या लिहितो आणि पुढे विसरूनही जातो. याच गोष्टी आपल्या स्वयंपाकघरात दर सणाला घडत असतात. तेथील परीक्षा मात्र कडक असते. उत्तर चुकले तर साऱ्या घराचे गोडधोड बिघडते. नाताळात गोमंतकातील ख्रिस्ती घरांतून बोलिन्हा नावाची नारळाची बिस्किटे करतात. ही बिस्किटे आणि त्यांच्याच जोडीने लिमलेटच्या गोळ्या घालून करावयाची एक सोपी बिस्किटे, यांच्या आधारे आज आपण साखरेचा अभ्यास करू.

प्रथम शब्दांकडे पाहू. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे बारीक खडे. हाच शब्द फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर' आणि पोर्तुगीज भाषेत 'असूकार' झाला. 'खंड' म्हणजे तुकडा. त्यापासून आपली 'खांड' आली आणि हाच शब्द फारसी-अरबीच्या वाटेने युरोपात जाऊन 'कँडी' झाला. नाताळच्या सुमारास साऱ्या जगात मुलांच्या हाती पडणाऱ्या रंगीत गोळ्यांचे नाव अशा रीतीने मुळात आपल्याच घरचे आहे.

साखरेची तीन रूपे ध्यानात ठेवावीत. पहिले रूप स्फटिकाचे. दाट पाक सावकाश निवू दिला म्हणजे साखरेचे कण शिस्तीने एकमेकांशेजारी बसतात आणि खडीसाखर तयार होते. संक्रांतीचा काटेरी हलवा हेही त्याचेच उदाहरण. परातीत तीळ किंवा खसखस मंद शेगडीवर हलवीत, त्यावर चमचा चमचा पाक सोडीत गेले म्हणजे प्रत्येक दाण्यावर साखरेचे काटे उगवतात. दुसरे रूप काचेचे. पाकातील जवळजवळ सर्व पाणी आटवून तो भरभर थंड केला, तर कणांना रांगेत बसण्यास अवसरच मिळत नाही. ते जसे असतील तसे थिजतात. लिमलेटची पारदर्शक गोळी ही अशी साखरेची काच होय. तिसरे रूप तांबूस. साखर सुमारे १६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापली की तिचे विघटन होऊ लागते. प्रथम सुरेख वास व सोनेरी रंग येतो, नंतर करपट कडवटपणा.

या तीन रूपांपैकी कोणते मिळणार, हे पाकात किती पाणी उरले आहे यावर बरेचसे ठरते. आणि किती पाणी उरले हे पाकाचे तापमान सांगते. शुद्ध पाणी १०० अंशांना उकळते, परंतु पाक जसजसा दाट होतो तसतसा त्याचा उत्कलनबिंदू वर चढतो. पाक १०५ अंशांच्या आसपास असताना बोटांत एक तार धरतो. ११२ ते ११६ अंशांवर त्याचा थेंब गार पाण्यात टाकला तर मऊ गोळी होते. १५० अंशांजवळ पोहोचलेल्या पाकाचा थेंब पाण्यात पडताच कडक होतो आणि मोडला तर काचेसारखा तुटतो. आपल्या आया, आज्या तापमापकावाचून हे सारे ओळखतात. त्यांची दोन बोटे आणि वाटीभर गार पाणी हीच त्यांची प्रयोगशाळा होय. पाकात त्या लिंबाचे चार थेंब पिळतात त्यालाही कारण आहे. आम्लामुळे काही साखर फुटून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज बनते आणि हे पाहुणे कण साखरेच्या कणांना रांग करू देत नाहीत. म्हणून पाक लवकर 'साखरत' नाही.

आता बोलिन्हा. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ लहानसा गोळा. एका मध्यम घराला पुरेल असे प्रमाण पुढीलप्रमाणे घ्यावे: साखर २५० ग्रॅम, पाणी १२५ मिलिलिटर, खवलेला नारळ २०० ग्रॅम, बारीक रवा २५० ग्रॅम, तीन अंड्यांचे बलक, एक मोठा चमचा लोणी, चिमूटभर मीठ आणि चार-पाच वेलदोड्यांची पूड. नारळ पाट्यावर किंवा यंत्रात बारीक करून घ्यावा. साखर व पाणी उकळून एकतारी पाक करावा. त्यात नारळ घालून पाचेक मिनिटे परतावे. मग लोणी, मीठ व रवा घालून मिश्रण कडा सोडू लागेपर्यंत ढवळावे आणि उतरवावे. पूर्ण निवाल्यावर त्यात बलक व वेलचीपूड मिसळून, भांडे झाकून थंड जागी रात्रभर ठेवावे. सकाळी लिंबाएवढे गोळे करून किंचित चपटे करावेत, काट्याने वर उभ्याआडव्या रेघा ओढाव्यात आणि लोणी लावलेल्या पत्र्यावर ठेवून १८० अंशांच्या भट्टीत सुमारे वीस मिनिटे, कडा सोनेरी होईपर्यंत भाजावेत.

येथे प्रत्येक पायरीला 'का?' असे विचारावे. पाक पातळ राहिला तर गोळे भट्टीत पसरतात. फार पुढे गेला तर मिश्रण कोरडे पडून गोळा वळताना फुटतो. बलक निवल्यावरच घालावेत, कारण गरम मिश्रणात ते तत्काळ शिजतात आणि मग बांधून धरण्याचे त्यांचे काम होत नाही. रात्रभराची विश्रांती रव्यासाठी असते. त्याचा प्रत्येक कण ओलावा शोषून फुगतो, म्हणून बिस्कीट आतून मऊ व बाहेरून खुसखुशीत होते. भाजताना येणारा सोनेरी रंग केवळ साखरेचा नव्हे. बलकातील प्रथिने व शर्करा यांच्या संयोगाचाही त्यात वाटा असतो. या क्रियेचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली केले आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

बोलिन्हेत साखर दिसत नाही. साखरेची काच डोळ्यांनी पाहावयाची असेल तर खिडकीची बिस्किटे करावीत. ग्रिम बंधूंनी १८१२ साली प्रसिद्ध केलेल्या जर्मन लोककथांत हान्सेल व ग्रेटेल या भावंडांची गोष्ट आहे. तिच्यातील चेटकिणीच्या खाऊच्या घराला पारदर्शक साखरेच्या खिडक्या आहेत. तशी खिडकी आपल्यालाही करता येते. मैदा २०० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, चिमूटभर मीठ व लागेल तसे एक-दोन चमचे दूध एकत्र मळून अर्धा तास थंड जागी ठेवावे. अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून लहान वाटीने चकत्या पाडाव्यात आणि बाटलीच्या बुचाने प्रत्येकीच्या मध्यभागी भोक पाडावे. बेकरीचा न चिकटणारा कागद पत्र्यावर पसरून त्यावर चकत्या १८० अंशांना दहा मिनिटे भाजाव्यात. मग भोकात लिमलेटच्या गोळीचा चुरा भरून आणखी चार-पाच मिनिटे ठेवावे. चुरा वितळून सपाट होतो आणि निवाल्यावर रंगीत काच बनतो. गोळी आरंभापासून आत ठेवली तर ती तिसऱ्या रूपाकडे, म्हणजे करपण्याकडे जाते. म्हणून तिला शेवटी घालावयाचे. पत्रा पूर्ण थंड होईपर्यंत बिस्किटाला हात लावू नये. वितळलेली साखर उकळत्या पाण्याहून अधिक भाजते. तेव्हा हे काम मोठी माणसे जवळ असतानाच करावे. प्रयोगशाळेतील पाऱ्याचा तापमापक कधीही पाकात बुडवू नये.

साखरेच्या काचेचा एक शत्रू आहे, तो म्हणजे ओलावा. ती हवेतील बाष्प ओढून घेते आणि चिकट होते. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत ही बिस्किटे त्याच दिवशी घट्ट झाकणाच्या डब्यात गेली पाहिजेत.

घरोघरी विजेच्या भट्ट्या येण्यापूर्वी ही बिस्किटे कोठे भाजत असत, असा प्रश्न कोणी विचारील. गोमंतकात पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात. सणाच्या आधी घराघरांतून बिस्किटांचे पत्रे पोदेराकडे जात आणि पावाच्या भट्टीच्या उष्णतेवर ती भाजून निघत. ज्यांना ते शक्य नसे ते भांड्याच्या खाली व झाकणावर निखारे ठेवून घरीच भाजत. बाकीची कामे मात्र घरच्यांनी वाटून घ्यावयाची असत: नारळ एकाने खवावयाचा, पाकाशी जाणत्या बाईने उभे राहावयाचे, आणि काट्याच्या किंवा फणीच्या दात्यांवर पिठाच्या गोळ्या वळून कुलकुल करावयाचे ते मुलांनी.

नाताळच्या या पदार्थांना एकत्रित 'कुस्वार' असे नाव आहे. बोलिन्हा, दोदोल, नेवऱ्या, कुलकुल यांनी भरलेले ताट शेजाऱ्यांकडे पाठवितात, त्यास 'कोन्सुआद' म्हणतात. चतुर्थीला हिंदूंच्या घरून नेवऱ्या जातात, नाताळला ख्रिस्ती घरून कुस्वार येतो. आणि ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल, तेथे सणाचे गोड करीत नाहीत म्हणून शेजारी आठवणीने ताट पोहोचवितात. आपल्या दिवाळीच्या फराळाचीही हीच रीत आहे. दुःखात असलेल्या घराला शब्दांवाचून जे सांगावयाचे असते, ते हे ताट सांगते.

आज बोलिन्हा दुकानात बाराही महिने मिळतात, आणि त्यात वाईट काही नाही. परंतु विकत घेतलेल्या पुड्यातून पदार्थ मिळतो, पाक ओळखणारी बोटे मिळत नाहीत. आजीला प्रमाण विचारले तर ती म्हणते, "अंदाजानं." तो अंदाज तिने पन्नास वर्षे मोजून मोजूनच मिळविलेला असतो, फक्त तो कोठे लिहिलेला नसतो. तो तिच्याबरोबर जाऊ द्यावयाचा की नाही, हे आपल्या हाती आहे.

म्हणून या सुट्टीसाठी एक अभ्यास देतो. घरात सणाचा एखादा पदार्थ होऊ लागला, बोलिन्हा असो, अनारसे असोत वा हलवा असो, तर वही, पेन्सिल आणि वजनाचा काटा घेऊन करणाऱ्या बाईशेजारी बसा. तिला थांबवू नका, तिच्या हाताला शिकवू नका. साखरेचा डबा तिने हात घालण्यापूर्वी तोला आणि नंतर पुन्हा तोला. म्हणजे तिच्या 'दोन मुठी' किती ग्रॅमच्या हे कळेल. पाकाचा थेंब पाण्यात टाकून ती काय पाहते ते तिच्याच शब्दांत लिहा, मग ते शब्द कोंकणी असोत की मराठी. खाली तिचे नाव व तारीख घाला. शेवटी तिच्या देखरेखीखाली तोच पदार्थ स्वतः करा आणि पहिले ताट शेजारी नेऊन द्या.